शेवंतीचा चौथा पाय

तबेल्यात शिरण्याआधी पोपटकाका खोकायचे. खोकला नसायचा. आपण येतोय हे घोड्यांना आधी कळावं, एवढंच. घोड्याच्या मागून जाताना त्याच्या पुठ्ठ्यावर हात टेकवून जायचे. तसाच हात स्वयंपाकघरात बायकोच्या, चंपाकाकूंच्या, मागून जाताना त्यांच्या पाठीवर. काकू म्हणायच्या, "मी लाथ न्हाई मारत. हात काढा." भिजवलेल्या हरभऱ्यातला एक दाणा आधी स्वतः चावून बघायचे. खिशात दोन रुमाल असायचे. एक स्वतःचा, एक म्हाताऱ्या घोड्याचे डोळे पुसायचा. कधीकधी चुकीचा निघायचा. भाकरीचा शेवटचा घास स्वतः खायचे नाहीत. फोन आला की उभे राहायचे. पाहुणा निघाला की फाटकापर्यंत यायचे, पण बघायचे ते पाहुण्याकडे नाही, फाटकाच्या कडीकडे.

रोज तबेल्यात येणाऱ्या कादंबरीने यातलं काही कधी टिपून ठेवलं नव्हतं. पोपटकाका गेल्यावर तिसऱ्या दिवशी, ऑफिसात बसल्या बसल्या, हे सगळं एकामागून एक समोर यायला लागलं. शेजारच्या मुलीने विचारलं, "आर यू ओके?" कादंबरी म्हणाली, "हो." मग उठून जिन्यात जाऊन उभी राहिली. रडू आलं नाही. नुसतं उभं राहावंसं वाटलं.

ती वाशीमची. मराठीत एम. ए. केलेलं, आणि नोकरी हिंजवडीतल्या एका कंपनीत, सॉफ्टवेअर कसं वापरावं याच्या सूचना लिहायची. राहायची माणच्या बाजूला, मुलींच्या पीजीत. कंपनीची बस जिथे थांबायची, त्याच्या समोर एक पत्र्याचं फाटक होतं. दोन्ही बाजूंना वीस-वीस मजली टॉवर आणि मध्ये ते फाटक. आत काय असेल याचा तिने दोन महिने विचार केला नव्हता.

एक दिवस एक पिवळा कुत्रा तिच्या मागे मागे बसच्या पायरीवर चढला. ड्रायव्हर ओरडायला लागला. कादंबरीने कुत्र्याला उचललं, रस्ता ओलांडला आणि फाटक वाजवलं. दार उघडणारा माणूस उंच, वाळका, साठी ओलांडलेला. हातात घोड्याचा खरारा.

"हा तुमचा आहे का?"

"हाय. एचआर."

"काय?"

"नाव हाय त्याचं. हितल्या पोरींनीच सांगितलं मला. हाफिसात एक माणूस असतो म्हणं, सगळ्यांशी ग्वाड बोलतो आन कामाचं काय करत न्हाई. म्हणलं, ह्ये तर आमचंच कुत्रं."

कादंबरीची बस सुटली. त्या दिवशी ती ऑफिसला एक तास उशिरा पोचली, आणि तो तास तिने अठरा गुंठ्यांत काढला.

जागा तेवढीच होती. निम्म्याहून जास्त भागात लसूणघास आणि मका, एका कडेला तबेला, दोन खोल्या, पाण्याचा हौद, एक उंबर. दोन घोडे. एक शेवंती, सतरा वर्षांची पांढरी घोडी, उभ्या पुण्याच्या वराती केलेली. दुसरा साहेब. त्याचा एक डोळा गेलेला, दात झिजलेले, त्यामुळे त्याला भरडा भिजवून द्यावा लागे. साहेब तरुणपणी शर्यतीत पळाला होता, असं पोपटकाका सांगायचे. "कुणापासनं पळाला ते विचार," असं आतून काकू. कुत्रीही दोन. एचआर, आणि मावशी नावाची एक काळी म्हातारी कुत्री. ती दुपारभर शेवंतीच्या पोटाखालच्या सावलीत झोपायची. सावली सरकली की घोडीकडे रागाने बघायची.

मग कादंबरी रोज सकाळी सातला जायला लागली. आठ दहाची बस. मधला तास-सव्वा तास तबेल्याचा. लीद उचलायची, हौद घासायचा, घोड्यांच्या तोंडाला दाण्याचे तोबरे बांधायचे. पोपटकाका खरारा करायचे आणि ती शेपटीतले गवताचे काटे काढायची. उन्हाची तिरीप तबेल्यात यायची आणि घोड्यांच्या अंगावरून उडालेली धूळ तिच्यात तरंगत राहायची. बाहेर कंपन्यांच्या बसचे हॉर्न. आत दोन घोडे चघळतायत, त्याचा आवाज. ऑफिसात एसीखाली बसल्यावरही तिच्या हाताला शेवंतीच्या अंगाचा वास यायचा आणि ती मुद्दाम हात धुवायची नाही.

"काका, काय करून राहिले?" ती फाटकातून विचारायची.

"आली वऱ्हाडाची राणी. बस, च्या घे. काकू, हिच्या कपात साखर लई टाका, न्हाईतर गावाकडं सांगंल पुण्याची लोकं कशी हायेत."

एकदा तिने विचारलं, "काका, तुम्ही शेकडो नवरदेव घोडीवर बसवले. स्वतःच्या लग्नात कोणत्या घोडीवर बसला होतात?"

"न्हाई बसलो. चालत गेलो."

"का?"

"घोडी त्या दिवशी दुसऱ्याच्या लग्नाला दिलेली."

काकू आतून म्हणाल्या, "आन मी मांडवात तास दीड तास बसलेली. ह्यांनी घोडी पोचवली, मग लग्नाला आले."

पोपटकाकांचे आजोबा गावकीत हलगी वाजवायचे. छप्पन्न साली वडिलांनी दीक्षा घेतली आणि हलगी कायमची खाली ठेवली. पुढे त्यांनी घोडी पाळली. वरातीला घोडी नाचवायची तर ठेका लागतो. हलगी गेली तरी ठेका घरात राहिला. शेवंतीला पोपटकाकांनी एका रिकाम्या रंगाच्या डब्यावर शिकवलं होतं. डब्यावर ठेका धरला की ती एकेक पाय उचलायची. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. शेवटी तीन झटपट थापा आणि चौथी जोरात. त्या चौथ्या थापेला शेवंती पुढचे दोन्ही पाय दुमडून मागच्या पायांवर उभी राहायची. नवरदेवाची सलामी. शिट्ट्या पडायच्या. नवरदेव खोगीर घट्ट धरायचा.

चार वर्षांपूर्वी एका वरातीत कुणीतरी पेटती माळ रस्त्यावर भिरकावली. ती शेवंतीच्या मागच्या उजव्या पायापाशी फुटली. खुराच्या वरची कातडी भाजली. जखम भरली, पण त्या दिवसापासून शेवंतीने तो पाय कुणाला दिला नाही. तिथे हात गेला की लाथ. त्यानंतर पोपटकाकांनी एकही वरात घेतली नाही.

घोड्याचा खूर आपल्या नखासारखा वाढतो. कापावा लागतो, कानशीने घासून सपाट करावा लागतो. तो खूर कापायला डॉक्टर दोनदा गुंगीचं इंजेक्शन देऊन गेले. दुसऱ्या वेळी शेवंती अर्धा दिवस उठली नाही. डॉक्टर म्हणाले, आता वय झालंय, पुन्हा गुंगी नको. त्यामुळे तो चौथा खूर वाढत चालला होता, पुढून वर वळत चालला होता. आणखी वर्षभर असंच राहिलं असतं तर घोडी लंगडी झाली असती.

यंदा उन्हाळ्यात पोपटकाकांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. त्यानंतर तीन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि घोडी ठेवायचा विचार सोडून द्यायचा.

"ऑपरेशन दिवाळीनंतर," पोपटकाका म्हणाले. "आधी हिची सोय लावतो."

सोय होती. मुळशीच्या बाजूला आनंद नावाचा एक तरुण अपंग मुलांना घोड्यावर बसवून व्यायाम करवायचा. त्याला शांत, म्हातारी, गर्दीला सरावलेली घोडी हवी होती. तो येऊन शेवंतीला बघून गेला. तिच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "काका, माझ्याकडची मुलं लहान असतात. घोड्याच्या पायांशी खेळतात. जी घोडी पाय देत नाही, ती मी नाही नेऊ शकत. चारही पाय दिले तर आजच नेतो."

"दिवाळीपर्यंत थांबा."

"थांबतो."

तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "आन न्हाई दिला पाय तर?"

पोपटकाका साहेबाचे डोळे पुसत बसले. चुकीच्या रुमालाने.

कादंबरीच्या हातून जे झालं ते फार थोडं. मे महिन्यातली संध्याकाळ होती. रस्त्यापलीकडे लग्नाचं लॉन होतं. गोरज मुहूर्त होता, बँड सुरू झाला. शेवंती मक्याच्या कडेला खुंट्याला बांधलेली. तिने कान टवकारले आणि एकटीच, कुणी सांगितलं नसताना, नाचायला लागली. वर कुणी नवरदेव नाही, पुढे कुणी पोरं नाहीत. पोपटकाका आणि कादंबरी बांधावर बसून बघत होते.

"काका, ती मागचा उजवा उचलतच नाहीये. तीनच पायांनी नाचतेय."

पोपटकाका वाकून बघायला लागले. बँड संपेपर्यंत बघत राहिले.

"चार वर्सं रोज बघतोय," ते म्हणाले. "मला वाटायचं थकली. तिला ठेका आठवतोय गं. फक्त तीनवर येऊन थांबती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगाचा डबा काढला.

त्यांची रीत अशी. बांधायचं नाही. मागचे पाय दोरीने अडकवायचे नाहीत. घोडी मोकळी उभी, मावशी तिच्या पोटाखाली झोपलेली. कुत्री झोपलेली असली की शेवंती जपून पाय हलवायची, उगाच लाथ झाडायची नाही. कादंबरी डबा वाजवणार, हळू, वरातीच्या निम्म्या वेगात. शेवंतीने पाय उचलला की पोपटकाका तो मांडीवर घेणार. नुसता घेणार आणि सोडणार. चार-आठ दिवसांनी कानस एकदा फिरवणार. मग दोनदा. सुरुवात ती देते त्या पायांपासून, ठेक्याची सवय व्हावी म्हणून; भाजलेला पाय शेवटी.

"डबा तू वाजव," ते म्हणाले. "परक्याच्या हातचं तिला ऐकू दे. उद्या तिकडं मी थोडाच असणार हाय."

कादंबरीचा ठेका सुरुवातीला चुकायचा. शेवंती पाय अर्धा उचलून वळून बघायची.

"तुझी घोडी नाराज हाय," पोपटकाका म्हणायचे. "एम. ए.ला ताल शिकवत न्हाईत व्हय?"

"छंद शिकवतात."

"त्यावर घोडी नाचंल का?"

"नाही."

"मग काय उपेग."

जूनमध्ये पुढचा डावा झाला. जुलैत पुढचा उजवा. मागच्या डाव्याला ऑगस्ट संपला. पाऊस असायचा, तबेल्यात पत्र्यावर इतका आवाज की डबा ऐकू येत नसे. तेव्हा ते सहाही जण नुसते बसायचे, दोन माणसं, दोन घोडे, दोन कुत्री. काकू भजी आणायच्या. एचआर सगळ्यांच्या तोंडाकडे पाळीपाळीने बघायचा. कादंबरीला आता वाटतं, तिच्या पुण्यातल्या दिवसांत सगळ्यात जास्त सुखाचे तास ते होते, आणि त्या तासांत काहीच काम झालं नव्हतं.

चौथा पाय दसऱ्याला मिळाला.

त्या दिवशी पोपटकाका आणि काकू सकाळी विहारात जाऊन आले होते. दोघं पांढऱ्या कपड्यांत. कादंबरीने मार्केट यार्डातून झेंडू आणले होते आणि दोन्ही घोड्यांना माळा केल्या होत्या. साहेबाने आपली माळ राखली. शेवंतीने स्वतःची खाल्ली आणि मग साहेबाची. दुपारी सगळं शांत होतं. कंपन्यांना सुट्टी, रस्ता मोकळा. पोपटकाका सदरा काढून बनियनवर उभे राहिले.

"वाजव."

तिने वाजवलं. एक, दोन, तीन. आणि मग शेवंतीने मागचा उजवा पाय जमिनीपासून उचलला. फार नाही. वीतभर. पोपटकाकांनी तो हातात घेतला. घोडीच्या अंगावरून एक शहारा गेला. पाय तिथेच राहिला.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला होता.

पोपटकाकांनी कानस फिरवली. बाहेरची बाजू. खुराचा पांढरा भुगा त्यांच्या पायावर पडत होता. कादंबरी डबा वाजवत होती आणि ठेका चुकत नव्हता. बाहेरचा अर्धा खूर सपाट झाला. पोपटकाकांना दम लागला. त्यांनी पाय अगदी हळू खाली ठेवला.

"थोडं बसतो. आतली बाजू मग."

ते पालथ्या बादलीवर बसले. घामाघूम. आणि हसत होते. कादंबरीने त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, दात दाखवून, पोरासारखं. त्यांनी तिच्या मांडीवरचा डबा ओढून घेतला. "हिला म्हणत्यात घोडी," ते म्हणाले, आणि आनंदाच्या भरात डब्यावर ठेका धरला. पूर्ण वेगात. वरातीचा. आणि शेवटी, चाळीस वर्षांची हाताची सवय, तीन झटपट थापा आणि चौथी जोरात.

शेवंतीने सलामी दिली.

सतरा वर्षांची घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. एक खूर नीट, एक अर्धाच कापलेला, एका अंगाला उंच. मावशी केकाटत बाहेर पळाली. शेवंतीचा उजवा पाय मुरगळला आणि ती तिरकी होऊन भिंतीवर आदळली.

पोपटकाका डबा टाकून धावले.

डॉक्टर आले. हाड शाबूत होतं, सांधा सुजला होता. दहा दिवस त्या पायाला कानस लावायची नाही, म्हणाले. मग उरलेलं करा.

"हात गेला," पोपटकाका म्हणाले. दिवसभर ते एवढंच म्हणत होते. "तिनं बिचारीनं सगळं बरोबर केलं. माझाच हात गेला."

काकू म्हणाल्या, "दहा दिवसांनी करा की. कुठं पळून चाललीय ती?"

रोज सकाळी ते सांध्याला हळदीचा लेप लावायचे. म्हणजे त्या पायाला ती आता हात लावू देत होती. कादंबरीने हे बोलून दाखवलं तेव्हा ते थबकले. "व्हय की," म्हणाले. "ध्यानातच न्हाई आलं." दिवाळी अजून लांब होती. आनंदचा फोन आला तेव्हा ते उभे राहून म्हणाले, "पंधरवड्यात घोडी तुमची."

नवव्या दिवशी, शनिवारी, कादंबरी सातला पोचली. फाटक उघडंच होतं. साहेबाच्या तोंडाला तोबरा बांधलेला, शेवंतीचा तोबरा दाण्याने भरून खाली ठेवलेला. पोपटकाका दोघांच्या मधे जमिनीवर बसले होते, पाठ खांबाला. मावशी त्यांच्या पायाशी. कादंबरीला वाटलं, बसलेत. ती म्हणाली, "काका, उद्या दहावा दिवस."

ती हे पुन्हा एकदा म्हणाली. मग काकूंना हाक मारली.

त्यानंतरचं तिला तुटक आठवतं. टॉवरमधला एक डॉक्टर चपला न घालता धावत आला होता. विहारातली माणसं आली. त्रिशरण म्हटलं जात होतं आणि मध्येच साहेब खिंकाळला. कुणीतरी घोड्यांना पाणी पाजलं का विचारत होतं. तेव्हा कादंबरीला काम सापडलं. तिने बादली उचलली.

आठवड्याने आनंद आला. उंबराखाली काकूंसमोर बसला. मग शेवंतीकडे जाऊन लांबूनच वाकून बघितलं.

"काकू, अर्धा खूर असा ठेवून चालणार नाही. सगळं वजन एका बाजूला जातंय. कापणारा माणूस आणू का? गुंगीचं द्यावं लागेल."

"गुंगी न्हाई."

"मग कसं करायचं?"

काकूंनी कादंबरीकडे बघितलं. "हिच्या हातनं बघू."

"मी कधी कानस धरली नाहीये, काकू. मी फक्त डबा वाजवायचे."

"डबा मी वाजवते."

"तुम्हाला येतो ठेका?"

"चाळीस वर्सं ऐकतीय मी. येतो का म्हणं."

रविवारी सकाळी त्या दोघी तबेल्यात गेल्या. आनंद फाटकापाशी थांबला. मावशीला काकूंनी ओढत आणून घोडीच्या पोटाखाली झोपवलं. ती झोपली नाही, पण बसली. काकूंनी पदर खोचला, पालथ्या बादलीवर बसल्या आणि वाजवायला लागल्या. अगदी हळू. पोपटकाकांपेक्षा हळू. त्यांचे डोळे मिटलेले होते.

पुढचा डावा. पुढचा उजवा. मागचा डावा.

शेवंती थांबली. काकूंचा हात थांबला नाही. कादंबरी वाकून हात पुढे करून उभी. तिचे गुडघे दुखायला लागले. मग पाय उचलला गेला, आणि तिने तो घेतला. तो तिला वाटला होता त्यापेक्षा खूप जड होता, आणि गरम.

तिने खूर वर करून बघितला. बाहेरच्या बाजूवर कानशीच्या तिरक्या रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेने, जवळजवळ, जिथे पोपटकाकांना दम लागला तिथे संपलेल्या. तिने कानस तिथून पुढे टेकवली. एकदा फिरवली. दुसऱ्यांदा फिरवली. तिच्या रेघा वाकड्या आल्या.

शेवंतीने पाय काढून घेतला. लाथ मारली नाही. नुसता काढून घेतला आणि खाली टेकवला.

काकूंनी डबा थांबवला. "पुरे. उद्या."

"दोनदाच फिरली, काकू."

"त्यांनी पण पुढच्या पायाला पहिल्यांदा एकदाच फिरवलेली," काकू म्हणाल्या आणि हरभरा भिजत घालायला उठल्या.

आतली बाजू अजून बोटभर उंच आहे.